राजा सुकंठाची जांभई

एका राज्यात सुकंठ नावाचा राजा होता. राजा दयाळू, प्रजा सुखी, कोठारे भरलेली. एकदा दरबारात विपुलशर्मा नावाचा मायावी पंडित आला. त्याच्यामागून हत्ती आला आणि हत्तीच्या पाठीवरून पंडिताचा एकच ग्रंथ आला. पंडित वाचू लागला. सकाळी सुरू झालेल्या वाक्याचे क्रियापद दुपारची पाने मांडली तरी येईना. तेव्हा राजाने जांभई दिली.

पंडित कडाडला, "उघडलेस ना? उघडेच राहो! माझा ग्रंथ अखेरपर्यंत वाचून जो भर सभेत असा सांगेल की एकालाही जांभई येणार नाही, तोच हे तोंड मिटवील."

राजाला बोलता येईना, चावता येईना. राजकन्या रेणुमती बापाला चमच्याने पेज पाजी आणि पदराने माश्या वारी. राजा वाळत चालला.

राज्यातले विद्वान धावले. कोणी ग्रंथाला सागर म्हटले, कोणी सूर्य. टीका लिहिल्या, त्या ग्रंथाहून जाड. सभा घोरू लागली. ग्रंथ मात्र कोणीच वाचला नव्हता.

देवडीवर एक साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "राजकन्ये, स्तुतीने शाप ढळत नाही. ग्रंथ उघड आणि आत जा. तीन मुक्काम आहेत. झोपलीस तर तिथेच अक्षर होऊन राहशील."

"आणि झोप आली तर?"

"हस."

रेणुमतीने पान उलटले आणि आत पाऊल टाकले.

पहिला मुक्काम समासांचे रान. शब्दाला शब्द पारंब्यांसारखे गुंतलेले. तिचे डोळे मिटू लागले. तोच पाच ओळींच्या एका शब्दाखाली चेंगरलेला इवलासा 'च' कण्हला, "बाई, जरा याला उचला हो!" ती खुदकन हसली. रान दुभंगले.

दुसरा मुक्काम खंडनाचे मैदान. पंडिताने वादात हरवलेले प्रतिपक्षी तिथे उभे होते. जवळ जाऊन पाहते तो सगळी बुजगावणी!

"तुमचे म्हणणे तरी काय होते?" तिने एकाला विचारले.

"आम्ही कुठे काय म्हटले? पंडितच उभे करतात, पंडितच पाडतात. पाठ मोडली बघा."

तिसरा मुक्काम टिपांचा जिना. वरच्या पायरीवर लिहिले होते, 'हे खाली सांगू.' खालच्या पायरीवर, 'हे वर सांगितलेच आहे.' चढता उतरता रेणुमती हसून हसून दमली आणि घरंगळत तळाशी पोचली.

तळाशी एक लहानसे अंगण होते. अंगणात चिमणी धुळीत न्हात होती. तिच्यापुढे तरुण विपुलशर्मा बसला होता. धूळ नाकात गेलेली, पण चिमणी उडू नये म्हणून त्याने शिंक गिळली होती. इथे रेणुमती हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

परतून तिने सभा बोलावली आणि सारे सांगितले. सभा पोट धरून हसली. खांबाआडून पंडित पुढे आला.

"मुली, मला हसलीस?"

"हसले, आचार्य. पण पानोपानी हसले. एकही पान सोडले नाही. चिमणी धुळीत का न्हाते, एवढेच तुम्हाला सांगायचे होते. तिच्यासाठी तुम्ही शिंक गिळलीत. मग ती चिमणी एवढ्या ओझ्याखाली का पुरलीत?"

पंडित खाली पाहून म्हणाला, "सोपे लिहिले असते, तर मला विद्वान कोण म्हणाले असते?"

"वाचले तरी असते की!" साळुंकी बोलली.

पंडिताचे ओठ थरथरले, नाक फुरफुरले आणि तरुणपणी गिळलेली ती शिंक दणक्यात बाहेर आली. कमानी घुमल्या. पंडित स्वतःच हसत सुटला. राजाही हसू लागला आणि हसता हसता त्याचे तोंड मिटले.

"रेणू," राजा म्हणाला, "चिमणीचे पुढे काय झाले? आणि भाकरी आण."

हत्ती रानात सोडला. पंडित राजाश्रयाला राहिला. त्याचा पुढचा ग्रंथ साळुंकीने चोचीत धरून दरबारी आणला.

राजाचे तोंड मिटले. आता सांगणाऱ्याचेही मिटावे.