ढवळीचा पान्हा

जनावरांचं बोलणं माणसांना कळेनासं झालं, त्यानंतरची ही गोष्ट.

ढवळी गाईचं पहिलंवहिलं वासरू दगावलं. तिच्या धन्यानं, येसबानं, ते माळावर पुरलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर एक काळा गोटा ठेवला. ढवळी रोज तिथं जायची. गोटा चाटता चाटता तिला पान्हा फुटायचा आणि दूध दगडावर गळायचं.

एकदा गुरवानं ते पाहिलं. "स्वयंभू देव प्रकटला!" म्हणत त्यानं गाव गोळा केला. येसबा "अहो, इथं तर..." म्हणेपर्यंत लोक त्याच्याच पाया पडू लागले. "धन्य तुझी गाय!" येसबानं शब्द गिळला, तो गिळलाच.

देऊळ उभं राहिलं. दाराशी आलेल्या ढवळीला गुरवानं काठीनं हाकललं. "हाट्! देवळात गुरं शिरतात होय!"

ती बाहेर हंबरत राहिली. पाठीवरचा बगळा म्हणाला, "रडू नकोस गं बाई. तो बघ, येसबा चरवी घेऊन आत चाललाय. तुझंच दूध तुझ्या लेकरावर पडेल."

"पडेल रे," ढवळी म्हणाली. "पण त्याला चाटणार कोण?"