टिचकूची सावली आणि हडळमावशीच्या टाचा

ऐका हं. हळूच ऐका. मोठ्यानं ऐकलं तर त्यांना कळतं.

टिचकू म्हणजे उंदराचं पिल्लू. एवढुस्सं! आई म्हणायची, "टिचकू, तिन्हीसांजेला विहिरीत वाकू नको बरं."

टिचकू वाकला. वाकायचाच तो!

काठावर टिचकू. पाण्यावर टिचकूची सावली. पाणी काळं. पाणी गार. पाणी गप्प.

डुबुक!

सावली गेली.

टिचकूनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. पायाखाली पाहिलं. सावली कुठंच नाही! आणि खालून आवाज आला, "म्म्म्म..."

विहिरीत होता गिऱ्होबा. पाण्यातलं भूत. केस हिरवे, गाल टम्म.

"गिऱ्होबा, गिऱ्होबा, माझी सावली दे!"

गिऱ्होबा दातांतून बोलला, "म्म्म... मी जांभई दिली, तुझी सावली तोंडात गेली. आता तोंड उघडेना. दाढ ठणकतेय. जबडा आखडलाय. गार पाणी बंद केलंय मला, आणि राहतो कुठं? पाण्यात! हवाच मेली तसली."

"मग मी काय करू?"

"शेक आण, तोंड उघडतो. पण लवकर हं. अंधार पडला, सावली नसली, की तू आमचा."

टिचकूच्या अंगावर काटा आला. ज्यांना सावली नसते ती भुतं. हे उंदरांनाही ठाऊक असतं. भूत झालेलं पिल्लू आई घरात कशी घेणार?

टिचकू पळाला. तुरु तुरु तुरु.

माळावर होता आग्याकाका. जाळाचं भूत. घटकेत भक्क, घटकेत विझू विझू.

"आग्याकाका, आग्याकाका, शेक दे.
शेक गिऱ्होबाला,
गिऱ्होबा सोडेल सावली,
सावली माझी मला.
अंधार व्हायच्या आत घर गाठू दे मला!"

आग्याकाका खोकला. फुस्स! फुस्स! "शेक कसला मागतोस? मीच गारठलोय. छातीत घरघर. ओलं लाकूड बंद, ओलं गवत बंद. वाळकं तेवढं चालतं. हवाच मेली तसली. पिंपळाचं वाळकं पान आण, मग देतो शेक."

टिचकूनं मागं पाहिलं. अगं बाई! शेपटी दिसेना.

टिचकू पळाला. तुरु तुरु तुरु.

पिंपळावर होता मुंजादादा. मुलाचं भूत. लहानच, पण फार जुना. वारा नाही, तरी पिंपळ बोलतो. सळसळ, सळसळ.

"मुंजादादा, मुंजादादा, पान दे.
पान आग्याकाकाला,
आग्याकाका देईल शेक,
शेक गिऱ्होबाला,
गिऱ्होबा सोडेल सावली,
सावली माझी मला.
अंधार व्हायच्या आत घर गाठू दे मला!"

"पान देईन रे," मुंजादादा कण्हला. "पण कंबर धरलीय. फांदीवर बसून बसून! वाकवतच नाही. चिंच बंद, कैरी बंद, नुसती पेज. हवाच मेली तसली. चोळायला तेल आण, मग देतो पान."

टिचकूनं खाली पाहिलं. पाय दिसेनात!

टिचकू पळाला. पण तुरु तुरु वाजलंच नाही. पायांचा आवाजसुद्धा गेला होता.

वेशीपाशी, बाभळीखाली, होती हडळमावशी. केस मोकळे. पाय उलटे. मांडीवर तेलाची बुधली.

"हडळमावशी, हडळमावशी, तेल दे.
तेल मुंजादादाला,
मुंजादादा देईल पान,
पान आग्याकाकाला,
आग्याकाका देईल शेक,
शेक गिऱ्होबाला,
गिऱ्होबा सोडेल सावली,
सावली माझी मला.
अंधार व्हायच्या आत घर गाठू दे मला!"

हडळमावशीनं तोंड फिरवलं. आभाळात एकच लाल रेघ उरली होती.

"दे ना गं मावशी!"

"दे, दे, दे!" हडळमावशी फिस्कारली. "जो येतो तो दे म्हणतो. मावशी, बरं आहे ना, म्हणून कोणी विचारतं का? नाही देत, जा!"

टिचकूला रडू फुटलं. त्यानं खरंच विचारलं नव्हतं. मावशीला नाही. मुंजादादाला नाही. आग्याकाकाला नाही. गिऱ्होबाची तर दाढ ठणकत होती, तरी नाही! घरी कोणी आलं की आई आधी विचारते, "बरं आहे ना?" मग बाकीचं.

लाल रेघ बारीक झाली. टिचकूच्या मिशा गेल्या. नाक गेलं. उरले दोन डोळे आणि एवढासा आवाज. आता पळावं की बसावं?

टिचकू बसला.

"मावशी, बरं आहे ना गं?"

"कसलं मेलं बरं!" हडळमावशीनं सुस्कारा सोडला. बाभळ हलली. "टाचा ठणकतात रे. माझे पाय उलटे. चालायला लागलं की आधी टाच पुढं. सगळे दगड टाचेलाच!"

"मग गं?"

"मग काय! भात बंद. वांगं बंद. दह्याचं तर नाव काढू नको, म्हणाला वैदू. गरम पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. त्यात ही थंडी. गुडघे कसे वाजतात ऐक. कट कट कट."

"आई गं!" म्हणाला टिचकू. मनापासून म्हणाला.

हडळमावशी हसली. हडळीचं हसणं ऐकलंय कधी? नकोच ऐकायला. पण बुधली उचलून ती उभी राहिली. "गुणाचं माझं लेकरू ते. चल, मीच येते. बस खांद्यावर."

कट कट, कट कट! हडळमावशी निघाली. लाल रेघ आता केसाएवढी.

हडळमावशीनं तेल दिलं.
तेलानं मुंजादादाची कंबर सुटली. कडकन!
मुंजादादानं पान दिलं.
पानानं आग्याकाका पेटला. भक्क!
आग्याकाकानं शेक दिला.
शेकानं गिऱ्होबाचा जबडा सुटला.
गिऱ्होबानं केला आऽऽऽ!
आणि सावली बाहेर. टप्प!

ओली ओली सावली टिचकूच्या पायांना चिकटली. मिशा आल्या. नाक आलं. पाय आले. शेपटी आली. आणि लाल रेघ विझली.

मागोमाग सगळेच आले होते. विहिरीच्या काठावर चारी भुतं बसली. खूप दिवसांनी बसली.

"गिऱ्होबा, दाढ काय म्हणते?"

"आहे आपली. तुझ्या टाचा?"

"त्यांचं नको विचारू बाई!"

आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. टिचकू मात्र थांबला नाही. पळाला! तुरु तुरु तुरु. वाजलं हो वाजलं!

बिळाच्या दारात आई उभी. हातात पणती. आईनं टिचकूच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. तिनं आधी खाली पाहिलं.

जमिनीवर होती सावली. एवढुस्सी. थोडीशी ओली.

"माझाच गं बाई!" आई म्हणाली, आणि तिनं टिचकूला पोटाशी घट्ट धरलं. सावलीसकट.

झाली गोष्ट. आता भिंतीवर आपापली सावली बघा बरं. आहे? हात हलवला की हलते?

मग झोपा.