पाटी वाचणारी रानडुकरीण

सागाच्या एका जंगलात रानडुकरांचा एक कळप राहत असे. या कळपाचा कायदा एकच : ज्याला वास आहे ते खरे, ज्याला वास नाही ते मुळी नाहीच. कंद कुठे आहे, बिबट्या कुठून गेला, कोण घाबरले आहे, सगळे त्यांना नाक सांगत असे. नुसत्या डोळ्यांनी बघणे हे त्यांच्यात वाईट वळण समजले जाई. एखादे पिल्लू फुलपाखराकडे बघत राहिले, तर आई त्याला ढुशी देऊन म्हणे, "नाक खाली घाल! काय बघतोस येड्यासारखा?"

कळपाची म्होरकी होती एक थोरली डुकरीण. जंगलाच्या कडेला आश्रमशाळा होती. शाळेच्या स्वयंपाकघरामागे सांडपाण्याचा मस्त चिखल होई आणि दुपारी ही थोरली तिथे जाऊन लोळे. समोरच्या भिंतीवर मुळाक्षरे रंगवली होती. 'क'च्या शेजारी पिवळेधमक कणीस काढलेले होते. आता खरे सांगायचे, तर थोरलीबाईंची नजर गेली ती कणसावर, अक्षरावर नव्हे! पण आत मुले मोठ्याने वाचत, बाहेर ही कान टवकारून ऐके, आणि कणसाच्या नादाने 'क' तिच्या डोक्यात शिरला. त्याच्यामागून बाकीची अक्षरेही आली. मग काय विचारता! खताची रिकामी पोती वाच, रस्त्याकडेचे दगड वाच, कचऱ्याच्या खड्ड्यातली फाटकी पुस्तके वाच. एका पुस्तकात नदी समुद्राला कशी मिळते ते लिहिले होते. ते वाचून ती आपल्या ओढ्याकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिली. ज्या ओढ्यात जन्म गेला, तो पुढे कुठे जातो हे तिच्या कधी मनातच आले नव्हते. तिला फार आनंद झाला, आणि जराशी लाजही वाटली.

वाचता वाचता तिची रीत बदलली. पूर्वी ती कळपाला ढुशा मारून हाकत असे. आता ती थांबून विचारू लागली, "कुठल्या वाटेनं जाऊ या? तुम्हाला काय वाटतं?"

झाले! इथेच कळपाला संशय आला. म्होरकी, आणि ती आपल्याला विचारते? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय!

"हिच्या अंगाला खडूचा वास येतो," एक मावशी कुजबुजली.

"खडूचा कसला, माणसाचा!" दुसरी म्हणाली. "दुपारची कुणाला भेटते, देव जाणे."

सगळ्यांत जास्त धुसफुस चालली होती ती थोरलीच्या लेकीची. आई आपल्याला सोडून एकटी जाते आणि परत आली की समुद्राबिमुद्राचे बोलते, याचे तिला मनापासून वाईट वाटे. पण ते ती बोलून दाखवीना. मग वाईट वाटण्याचा झाला राग, आणि रागाचा झाला संशय.

हे हेरले एका कोल्ह्याने. लेकीजवळ येऊन तो साळसूदपणे म्हणाला, "ताई, दुसऱ्याच्या घरात भांडण लावायचा माझा स्वभाव नाही. पण माणसांच्या दारात रोज जाणारं जनावर उगाच जात नसतं. आणि ओढ्यापलीकडे रताळ्याचं शेत पिकलंय, ते तरी सांगितलं का तिनं? मी काही तिकडे कधी गेलो नाही हो! वाऱ्यावर वास आला म्हणून म्हणतो."

त्याच दिवशी ऊन कलल्यावर लेक आईसमोर उभी राहिली. "आजपासून पुढे मी चालणार," ती म्हणाली. "तू मागे राहा. आमच्यात मिसळू नकोस." बाकीची डुकरे माना खाली घालून लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली. थोरलीचे काळीज तुटले. ती भांडू शकली असती. पण लेकीच्या पायांत तिची इवलीशी पिल्ले घुटमळत होती. ती मागून चालू लागली.

शेताजवळ येताच रताळ्यांच्या गोड वासाने कळप वेडापिसा झाला. शेताभोवती नवीकोरी तार होती. तिला वास म्हणाल तर गंजाचासुद्धा नाही. म्हणजे कळपाच्या हिशेबी तार नव्हतीच! खांबावर एक पाटी होती. थोरलीने मागूनच ती वाचली : 'सावधान! तारेत वीज आहे.'

तरी ती लगेच ओरडली नाही. एका मळ्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' असे लिहिलेले तिने वाचले होते आणि तिथे कुत्र्याचे नखही नव्हते. लिहिलेले सगळेच खरे नसते, हेही ती वाचताना शिकली होती. म्हणून तिने तारेच्या कडेने नजर फिरवली. खांबाच्या बुडाशी, गवतात, एक ससा निपचित पडला होता.

"थांब पोरी! त्या पाटीवर लिहिलंय, तारेत वीज आहे!" ती जिवाच्या आकांताने धावत सुटली.

"वीज आभाळात असते," लेक फणकारली. "आणि वास कुठंय तिचा?"

"बघा, बघा!" कळपाच्या मागोमाग आलेला कोल्हा ओरडला. "सगळी रताळी एकटीला हवीत तिला!"

लेकीचे नाक तारेपासून वीतभर राहिले होते. पिल्ले तिला चिकटून होती. पूर्वीची थोरली असती तर तिने ढुशी मारली असती. पण आता ढुशी मारली तर लेक तारेवरच जाणार! थोरलीने पाय रोवले आणि श्वास आवरला.

"माझं ऐकू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या नाकाचं ऐक. ते तारेला लावू नकोस, तिथं खांबापाशी गवतात हुंग. रताळी जरा विसर."

लेकीने एक डोळा आईवर ठेवून हुंगले. आणि ती जागीच थिजली. गोड वासाच्या खाली जळक्या केसांचा वास होता. सशाच्या शेजारी जुनी हाडे पडली होती. त्या हाडांवर आणखी एक वास होता, ताजा आणि ओळखीचा. कोल्ह्याचा! कधीच इकडे न आलेला हा गृहस्थ रोज तारेखाली येऊन आयते जेवत होता, आणि आज तर त्याने अख्ख्या कळपाला आमंत्रण दिले होते. सगळी नाके एकदम त्याच्याकडे वळली.

"मी आपला सहज..." कोल्हा पुटपुटला आणि शेपूट घालून पळाला. त्याच्यामागे धावायचेही कुणाला सुचले नाही.

लेक पिल्लांना घेऊन मागे सरली. "आई, मी तुझ्यावर संशय घेतला."

"घे की," थोरली म्हणाली. "माझ्यावर घे, कोल्ह्यावर घे, त्या पाटीवरही घे. पण संशय घेऊन नुसती बसू नकोस बाई. खरं काय ते शोधून काढ."

लेक पाटीकडे बघत राहिली. मग हट्टाने म्हणाली, "तू सांगतेस तेच तिथं लिहिलंय, हे तरी मी कशावरून मानू? मला एकेक अक्षर शिकव. मी स्वतः वाचणार."

थोरलीला हसूही आले आणि रडूही. "ये," ती म्हणाली, "हे बघ, हा 'स'."

तात्पर्य : न कळणाऱ्या गोष्टीचा संशय येणे हा दोष नाही, तो फेडण्यासाठी वाचावे, वाचलेलेही पारखून घ्यावे, आणि जो आपल्याला स्वतः पारखायला शिकवतो त्यालाच पुढारी मानावे.