चिंगीच्या बाळाची लोकर

माळावर एक दगड. दगडाखाली चिंगी उंदरीचं घर. घरात तिचं बाळ. गुलाबी गुलाबी! अंगावर केस नाही एकही.

वारा आला. सूंऽऽ सूंऽऽ! बाळाची कापसाची दुलई घेऊन गेला. बाळ कुडकुडलं. हुडहुड हुडहुड! सूर्य खाली चालला.

समोर बोरीचं झाड. काट्यांत अडकली लोकर. मऊ मऊ! चिंगी धावली. तुरुतुरु तुरुतुरु!

"बोरी बोरी, लोकर दे. बाळ माझं गारठलं!"

बोरी म्हणाली, "शेळी माझी फांदी ओढते. मला दुखतं! शेळी सरेल, मगच देईन."

तुरुतुरु तुरुतुरु!

"शेळी शेळी, बाजूला सर. बोरी लोकर देईना. बाळ माझं गारठलं!"

कचरकचर! शेळी म्हणाली, "ठकूबाई हाक मारेल, मगच सरेन."

ठकूबाई शेळीची मालकीण. शेकोटीपाशी बसलेली. मांडीवर तिचा बिरू. ट्यांहां ट्यांहां!

"ठकूबाई ठकूबाई, हाक मार. शेळी सरेना. बोरी लोकर देईना. बाळ माझं गारठलं!"

ठकूबाई म्हणाली, "बिरू निजेल, मगच मारीन."

सूर्य अर्धा बुडाला.

"बिरू बिरू, नीज रे. ठकूबाई हाक मारीना. शेळी सरेना. बोरी लोकर देईना. बाळ माझं गारठलं!"

बिरूच्या अंगात स्वेटर. डोक्याला टोपडं. वर जाड शाल. शालीला गाठ!

बिरू म्हणाला, "उकडतंय! गाठ सुटेल, मगच निजेन."

"गाठी गाठी, सूट गं. बिरू निजेना. ठकूबाई हाक मारीना. शेळी सरेना. बोरी लोकर देईना. बाळ माझं गारठलं!"

गाठ सुटेना. घट्ट घट्ट! सूर्य बुडाला. दगडाखालून आवाज येईना.

चिंगीने दात लावले. कुर्र कुर्र! कुर्र कुर्र! तट्ट!

गाठ सुटली.

"अगंबाई, उंदीर!" ठकूबाई दचकली. मग तिने बिरूच्या मानेला हात लावला. "घामानं भिजलंय की माझं लेकरू!"

शाल काढली. टोपडं काढलं.

बिरू निजला. ठकूबाईने हाक मारली. शेळी सरली. बोरीने फांदी झटकली. लोकर पडली. टप्प!

चिंगी धावली. तुरुतुरु तुरुतुरु! लोकर फुगवली. बाळाला गुंडाळलं.

बाळ हलेना.

"बाळा! ए बाळा!"

नाक हललं. शेपटी हलली. "चूं!"

चिंगीने त्याला पोटाशी घेतलं. बाळ दूध प्यायलं. चुटूचुटू... चुटूचुटू...