दिवाणजींची खुर्ची

पुरात ज्यांची घरं वाहून गेली, त्यांच्यासाठी दिवाणजींनी माळावर पत्र्याच्या खोल्यांची एक रांग उठवली. सकाळपासून ते स्वतः खुर्ची टाकून देखरेख करत होते. दुसऱ्या रांगेच्या आड एक जुना कडुनिंब येत होता. राजेसाहेबांनी हो म्हणायचा अवकाश, कुऱ्हाडी तयारच होत्या.

घर वाहून गेलेली झुंबराबाई पाथरवटीण उन्हात नुसत्या येरझाऱ्या घालत होती. राजेसाहेब दुपारी पाहणीला आले, तसं तिला राहवेना.

"सरकार, निंब राहू द्या. त्याच्याभोवती मातीच्या भिंतींची, गवताच्या छपराची घरं आमची आम्ही बांधतो."

दिवाणजी फिस्सकन हसले. "ज्यांना घरच नाही, त्यांना घरातलं काय कळतं?"

"काहीच कळत नव्हतं, दिवाणजी. आज तुमच्याकडं बघून शिकले. सकाळपासून तुमची खुर्ची निंबाच्या सावलीमागं तीनदा सरकली. नव्या खोलीत एकदाही गेली नाही."

राजेसाहेबांनी घाम पुसला आणि कुऱ्हाडी खाली ठेवायला लावल्या.

"दिवाणजी, निंबाखाली आता या बाई घरं आखतील. ती उभी राहीपर्यंत तुमची खुर्ची पत्र्याखाली न्या."