टोपलीतलं चौथं केळं

चित्रकलेच्या वर्गात वस्तुचित्राची चाचणी चालू होती. पास होईल त्यालाच एलिमेंटरी परीक्षेला बसता येणार होतं. मुख्याध्यापक घोरपडे सर तोंड हलवत फेऱ्या मारत होते. ते यामिनीपाशी थबकले.

"टोपलीत केळी तीन आणि तुझ्या कागदावर चार! डोळे कुठे असतात गं? नापास!"

यामिनीच्या तोंडचं पाणी पळालं. चित्रकलेच्या बागवान सरांनी शेरा लिहायला पेन उघडलं. तरी ती उठली.

"चौथं खोडते की, सर. फक्त त्याची साल कुठे दाखवू तेवढं सांगा. टोपलीत, की तुमच्या हातात?"

सरांनी हातातल्या सालीकडे पाहिलं आणि त्यांना खो खो हसू फुटलं. यामिनीचा जीव भांड्यात पडला.

"राहू दे ते चौथं," सर म्हणाले. "बागवान, हिला परीक्षेला बसवा."