पाण्याखालची करवंटी

एकदा एका लहानशा राज्यात एक प्रधान होता. वयाने तरुण, बुद्धीने तल्लख आणि, खरं सांगायचं तर, कौतुकाचा जरासा हावरट. हा दोष आपल्यात अजिबात नाही असं ज्याला वाटतं, त्याने ही गोष्ट दोनदा वाचावी.

राज्याच्या सीमेवर एक विस्तीर्ण सरोवर होतं आणि त्यातून निघालेल्या एकाच पाटावर बारा गावं जगत होती. दर वर्षी मार्गशीर्षात पाटात पाणी सोडायला मोरीचं दार वर ओढायचं, तेव्हा दोराला बाराही गावांचा हात लागे. आणि त्यातही पहिला हात असे पाटाच्या अगदी शेवटच्या गावाचा. कारण उघड होतं. शेवटच्या गावाला पाणी पोचलं, की अलीकडच्या अकरांना ते मिळालेलंच असायचं. प्रधान त्याच शेवटच्या गावात आपल्या चांगुणाआत्याच्या हाताखाली वाढलेला, आणि दोराला तो पहिला हात गेली वीस वर्षं आत्याच लावत होती.

सरोवरात एक बेट होतं. ते कुठल्याच राजाचं नव्हतं. वर्षातून एकदा तिथल्या पांढऱ्या मंडपात दूरदेशीचे धनिक आणि पंडित जमत, आणि भोवतालच्या राज्यांचे प्रधान पाहुणे म्हणून बोलावले जात. कोण आलं, काय बोलणं झालं, हे बाहेर सांगायचं नाही, एवढा एकच तिथला नियम. यंदा आपल्या प्रधानालाही बोलावणं आलं.

तीन दिवस तो जणू स्वप्नात वावरत होता. धुपाचा मंद गंध, धुक्यातून तरंगत येणारे वीणेचे सूर, मंडपाच्या कोपऱ्यांवर वाऱ्याने किणकिणणाऱ्या काशाच्या घंटा. कोणी त्याच्याकडे काही मागितलं नाही, कोणी काही देऊ केलं नाही. थोरथोर माणसं नुसती विचारत, "प्रधानजी, आपल्याला काय वाटतं?" तो बोलला की माना डोलवत. काही वाक्यांना थोड्या जास्त डोलवत. प्रधानाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

परतला तो हुकूम मनात घेऊनच. दोराची जुनी चाल बंद. दार एका विद्वान जलपालाच्या हाती. पाणी आधी त्या मळ्यांना, जिथे ते अधिक पिकवील. आता पाटाच्या तोंडाशी परदेशी धनिकांचे निळीचे नवे मळे उभे राहिले होते खरे, पण ते काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"जलपाल म्हणजे कोण रे बाबा?" आत्याने विचारलं. "तो शेवटपर्यंत चालत येणार का, आमचं पाणी पोचलं की नाही बघायला?"

"आत्या, विचार माझा आहे," प्रधान हसून म्हणाला. "तुझ्या गावाचं मी वाईट करीन का?"

तापात बडबडणाऱ्या पोराकडे पाहावं तसं आत्याने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं त्याला लागलं. पण हुकूम काही त्याने बदलला नाही.

दार उघडण्याच्या दिवशी, हुकुमाचा कागद कमरेला खोचून, तो भल्या पहाटे पैलतीरावर आपल्या वृद्ध गुरुजींचा आशीर्वाद घ्यायला गेला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक. मलाही तुझ्या हुकुमाची दवंडी ऐकायची आहे. मोरीजवळच्या घाटापर्यंत ने मला. वल्हवशील ना, की प्रधानकीत विसरलास?"

"डोळे मिटून नेईन, गुरुजी."

उजाडलं होतं, पण धुकं इतकं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. प्रधान वल्ही मारू लागला. समोर नावेच्या टोकाशी गुरुजी बसले होते, आणि एक हात पाण्यात सोडून लहान मुलासारखे रमले होते. मधूनच या बाजूचा काढून त्या बाजूचा सोडत. म्हाताऱ्याला पाण्याशी खेळायची हौस आली, असं वाटून प्रधानाला मौज वाटली. त्याच भरात तो आपला विचार किती नवा, किती दूरदृष्टीचा, ते सांगत राहिला. वल्ही चुबुकचुबुक वाजत होती. कुठूनतरी बारीक घंटा किणकिणल्या, पण त्याचं बोलणं थांबलं नाही.

नाव दगडाला लागली. प्रधान उडी मारून उतरला आणि थिजला. समोर घाट नव्हता. रिकामा पांढरा मंडप धुक्यात उभा होता.

"हे कसं झालं? मी तर सरळ वल्हवत होतो! तुम्ही एका शब्दाने मला वळ म्हणाला नाहीत!"

"नाहीच म्हणालो," गुरुजी उद्गारले आणि त्यांनी पाण्यातला हात वर घेतला. तळव्यात नारळाची अर्धी करवंटी होती; ती ज्या बाजूच्या पाण्यात धरावी, त्या बाजूला नाव वळे. "हात तुला दिसत होता. करवंटी दिसत नव्हती. कष्ट तुझे, घाम तुझा, आणि वाट माझी. अरे, हुकूम दिला असता तर तू भांडला असतास. म्हणून शहाणे हुकूम देत नाहीत. तुझ्याच बोलण्यातलं त्यांना हवं ते वाक्य तेवढं वेचतात आणि मान डोलवतात. ही माणसं मूर्ख नाहीत, सगळीच दुष्टही नाहीत. त्यांचं ऐकू नकोस असं मी म्हणत नाही. पण ज्यांना तहान लागणार, ती माणसं इथे बसली होती का?"

प्रधान पायरीवर मटकन बसला. जलपाल हा शब्द त्याने पहिल्यांदा इथेच ऐकला होता. त्याच्या तोंडून तो पुन्हा निघाला, तेव्हा मंडपातल्या सगळ्या माना एकदम डोलल्या होत्या. त्याला आत्याची नजर आठवली आणि शरम वाटली.

"गुरुजी, धुक्यात मला एकट्याला घाट सापडणार नाही," तो अखेर म्हणाला. "मदत करा. पण या खेपेला करवंटी मला दिसेल अशी धरा."

गुरुजी प्रसन्न हसले. घाटावरच्या ढोलाचा आवाज कानाने टिपत त्यांनी करवंटी बुडवायची, प्रधानाने ती बघून वल्हं आवरायचं, अशी नाव निघाली. यावेळी ती थेट घाटाला लागली.

दोरापाशी बारा गावं जमली होती. चांगुणाआत्या दूर उभी होती; आज आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे ती समजून चुकली होती. प्रधानाने दवंडीवाल्याला थांबवलं आणि कागद स्वतःच मोठ्याने वाचला.

"हे तुझ्या मनातलं का?" आत्याने विचारलं.

"मला तसं वाटलं होतं," प्रधान म्हणाला. मग त्याने बेटाचा नियम मोडला. मंडपात कोण कोण होतं, कोण काय बोललं, निळीचे मळे कोणाचे, सगळं नावानिशी सांगितलं.

आत्याने पदराने डोळे टिपले. "हां. आता बोलता येईल."

दुपारपर्यंत बोलणं चाललं. दार सागवानी करावं, ही हुकुमातली बेटावरच्या पंडितांची सूचना सगळ्यांना पटली आणि ती राहिली. बाकीचं गळालं. मग आत्याने पुढे होऊन दोराला पहिला हात लावला, आणि तिच्या हातामागे प्रधानाने आपला.

सल्ला सातासमुद्रापलीकडून का येईना, घ्यावा. देणाऱ्याचा हात तेवढा पाण्याबाहेर असावा.